नवा सिंटिलेटर बनवायचाय? आधी ओल काढा, फॉर्म्युला नंतर बघू

पीएचडीला नंबर लागलेली पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, सर नवीन सिंटिलेटर बनवायचाय, कोणता फॉर्म्युला घेऊ? मी म्हणतो फॉर्म्युला राहू दे बाबा, तुमच्या लॅबचा व्हॅक्यूम पंप चालू आहे का ते सांग आधी. मग पोरगं नुसतं माझ्या तोंडाकडं बघत बसतं. परभणीत बसून हे उद्योग करायला लागून दहा-बारा वर्षं झाली, त्यातली पहिली तीन तर नुसत्या क्वार्ट्झच्या काचेच्या नळ्या फोडण्यात गेली, तर जे काही कळलंय ते एकदा सलग लिहून टाकायलोय, म्हणजे दरवेळी टपरीवर चहा गार करत तेच सांगत बसायला नको.

सिंटिलेटर म्हणजे काय हे माहीत असेल तर हा पॅरा सोडा. बाकीच्यांसाठी एवढंच, गॅमा किंवा एक्स-रे आत घुसला की जो पदार्थ क्षणभर बारीकसा उजेड मारतो तो सिंटिलेटर, तो उजेड फोटोमल्टिप्लायर ट्यूब नाहीतर सिलिकॉनचा सेन्सर पकडतो आणि उजेड किती पडला त्यावरून किरणाची एनर्जी काढता येते. रदरफर्डच्या लॅबमधली माणसं अंधारात बसून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरचे ठिपके डोळ्यानं मोजायची, तेव्हापासूनची ही गोष्ट. १९४८ ला हॉफस्टॅटरनं सोडियम आयोडाइडमध्ये चिमूटभर थॅलियम टाकलं आणि ते जे बाजारात बसलं ते अजून उठायचं नाव घेईना. २००१ च्या सुमारास लॅन्थनम ब्रोमाइड आलं, सिरियम टाकलेलं, उजेड दीडपट, रिझोल्यूशन (एनर्जी मोजण्यातली धूसरता, टक्क्यात, जेवढी कमी तेवढं चांगलं) निम्म्याहून कमी, तरी साध्या कामाला लोक जुनंच घेतात, कामून? तर ते स्वस्त पडतं आणि मोठ्ठं बनतं. म्हणून पेपरमधला मोठा आकडा बघून हुरळून जाऊ नका.

पहिलं काम म्हणजे गिऱ्हाईक ठरवा. हे कोणी करतच नाही. पेट स्कॅनच्या मशीनला जड आणि चपळ क्रिस्टल लागतो, म्हणून तिथं एलवायएसओ नावाचा ल्युटेशियमवाला क्रिस्टल चालतो, घनता ७ च्या वर आणि उजेड ४० नॅनोसेकंदात खलास. पण तोच क्रिस्टल मातीतलं बारीक रेडिएशन मोजायला घेतला तर पंचाईत, कारण ल्युटेशियम स्वतःच रेडिओअ‍ॅक्टिव्ह आहे, १ सीसी क्रिस्टलमध्ये सेकंदाला ३०० च्या आसपास क्षय घरचेच चालू असतात. न्यूट्रॉन पकडायचे तर आत लिथियम किंवा गॅडोलिनियम पाहिजे. एक्स-रेच्या पडद्याला उजेड मागं रेंगाळायला नको, नाहीतर आधीच्या फोटोचं भूत पुढच्या फोटोत दिसतं.

माझं गिऱ्हाईक मी जालना धरलंय. जालन्यात स्टीलच्या भट्ट्या आहेत, ट्रकच्या ट्रक भंगार येतं, आणि भंगारात चुकून रेडिओअ‍ॅक्टिव्ह सोर्स आला तर काय होतं ते २०१० ला दिल्लीच्या मायापुरीत सगळ्यांनी बघितलं, कोबाल्ट-६० भंगारात गेला, माणसं भाजली आणि एक जण दगावला. आता भंगाराच्या यार्डात हातात धरायचं यंत्र म्हणलं की अटी आपोआप ठरतात बघा. स्वस्त पाहिजे, मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला उन्हात चाललं पाहिजे, पावसाळ्यात सील जरा ढिलं झालं तरी मेलं नाही पाहिजे. रिझोल्यूशन ६-७ टक्के असलं तरी कोबाल्ट कुठला आणि साधा पोटॅशियम कुठला हे ओळखू येतं, आणि स्पीडचं तर काही कामच नाही, १ मायक्रोसेकंद लागला तरी चालतंय. एवढं लिहून काढलं की अर्धा पिरियॉडिक टेबल तिथंच गळतो.

मग फॉर्म्युल्याकडं या. उजेड जास्तीत जास्त किती मिळेल याचा ढोबळ हिशोब सोपा आहे, १ एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट) एनर्जीला बँड गॅपच्या (पदार्थात बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी एनर्जी) अडीच पटीनं भागायचं. सोडियम आयोडाइडचा गॅप ५.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट धरला तर ६८ हजारांच्या आसपास फोटॉन येतात, प्रत्यक्षात मिळतात ३८ हजार, बाकीचे वाटेत मरतात. म्हणजे गॅप लहान तेवढा उजेड जास्त, पण फार लहान केला की उजेड देणाऱ्या आयनला (तोच चिमूटभर टाकलेला सिरियम नाहीतर थॅलियम) आत बसायला जागाच उरत नाही आणि थोडी गरमी वाढली की चमक विझते. बसायच्या जागेचं पण बघावं लागतं. सिरियम ३ प्लस (तीन धन चार्जचा) असतो, तो लॅन्थनम, गॅडोलिनियम, इट्रियम यांच्या खुर्चीत नीट बसतो. युरोपियम २ प्लस हा स्ट्रॉन्शियमच्या मापाचाच आहे, म्हणून स्ट्रॉन्शियम आयोडाइडमध्ये तो ४-५ टक्के टाकला तरी गुण्यागोविंदानं राहतो. थॅलियम १ प्लस, तो सोडियम-सिझियमच्या घरात. भलत्याला भलत्या खुर्चीत बसवलं की चार्ज जुळवायला क्रिस्टल आत खड्डे पाडतो आणि त्या खड्ड्यात इलेक्ट्रॉन अडकतात.

मटेरियल्स प्रोजेक्ट नावाचा फुकट डेटाबेस आहे, त्यात घनता आणि बँड गॅप टाकून चाळणी लावता येते. फक्त त्यातल्या गॅपवर आंधळा विश्वास नको, साधं डीएफटी (कॉम्प्युटरवरचं क्वांटम गणित) कॅल्क्युलेशन गॅप कमीच दाखवतं, कॉम्प्युटर अडीच म्हणत असेल तर खरा साडेतीन-चार पण निघू शकतो, आणि त्या नादात चांगलं मटेरियल चाळणीतून खाली पडतं. आणखी एक खोड म्हणजे सिझियमच्या जागी रुबिडियम टाकून बघू म्हणणारे लै भेटतात, पण रुबिडियम-८७ बीटा मारतो हे त्यांना क्रिस्टल तयार झाल्यावर आठवतं.

हात बसवायला मी सगळ्यांना एकच पदार्थ सांगतो, सिझियम कॉपर आयोडाइड, ३:२:५ वालं, म्हणजे तीन सिझियम, दोन कॉपर, पाच आयोडिन. हे नवीन नाही, २०१८ ला याची निळी चमक उजेडात आली आणि नंतर थॅलियम टाकून एमईव्हीला ८७ हजार फोटॉन आणि ३.४ टक्के रिझोल्यूशनपर्यंत लोक पोचले. पण शिकायला याच्यासारखं नाही. साधारण ३९० डिग्रीला वितळतं, म्हणजे वितळवायला प्लॅटिनमची क्रुसिबल (भांडं) नको का इरिडियमची नको, हवेतल्या दमटपणाला सोडियम आयोडाइडसारखं विरघळत नाही, शिसं नाही, आणि उजेड ४४५ नॅनोमीटरच्या आसपास पडतो जो नेहमीच्या फोटोमल्टिप्लायरला बरोबर मानवतो. बिनथॅलियमचंच सुरू करा. थॅलियम पूर्वी उंदराच्या औषधात वापरायचे एवढं सांगितलं तरी पुरे, हात बसल्याशिवाय, ग्लोव्हज आणि फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट) असल्याशिवाय त्याची बाटली उघडायची नाही.

दहा ग्रॅमला सिझियम आयोडाइड ६.७२ ग्रॅम आणि कॉपर आयोडाइड ३.२८ ग्रॅम. कॉपर आयोडाइड पांढरं पाहिजे, तपकिरी झालं असेल तर त्यातून आयोडिन सुटलेलं आहे, ते तसंच वापरलं की सगळं गणित वाकडं.

आता ओल. इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझे पैसे इथंच बुडालेत.

माझी आयोडाइडची पहिली बाटली आली तेव्हा तिच्यावर पाच नऊ लिहिलेले, ९९.९९९ टक्के. मी खूश, पावडर तोलली, अँप्यूलमध्ये (क्वार्ट्झची बंद करायची नळी) भरली, पंप लावून सील केली, फर्नेसमध्ये सोडली. सहा दिवसांनी बाहेर काढली तर काच बुडाला दुधासारखी पांढरी पडलेली, क्रिस्टल तिला असा चिकटलेला की काय विचारू नका, आणि मी हातात धरून बघतोय तोवर टिक् असा आवाज आला आणि वरपासून खालपर्यंत तडा. पुरवठादाराला फोन केला तर तो म्हणतो साहेब आमचे नऊ धातूंच्या हिशोबाचे आहेत. तेव्हा कळलं, त्या पाच नऊंमध्ये लोखंड किती निकेल किती एवढंच मोजलेलं असतं, पाणी आणि ऑक्सिजन त्यात धरतच नाहीत. ओला आयोडाइड वितळला की क्वार्ट्झला खातो आणि चिकटतो, आणि थंड होताना सिझियम आयोडाइडसारखं मीठ क्वार्ट्झच्या शंभरेक पट आकसतं, मग दोघांपैकी एक जण फुटणारच.

तर पावडर व्हॅक्यूममध्ये वाळवायची, आणि एकदम २०० वर न्यायचं नाही. ७०-८० डिग्रीला दोन-तीन तास, मग १२० ला तेवढेच, मग २०० ला रात्रभर. सिझियमला घाई थोडी चालून जाते, पण उद्या स्ट्रॉन्शियम किंवा लॅन्थनमकडं गेलात तर घाईत पाणी उडायच्या ऐवजी आयोडाइडशीच रिअ‍ॅक्ट होतं आणि ऑक्सिआयोडाइडचा पांढरा चोथा तयार होतो, तो परत निघत नाही. अँप्यूल पण आतून वाळवायची, ॲसिडनं धुवून, डिस्टिल्ड वॉटरनं खळाळून (बोअरचं पाणी चुकूनही नको, आपल्याकडच्या पाण्यात काय काय असतं ते किटलीच्या बुडाला बघा), मग बर्नरवर तापवत व्हॅक्यूम. शक्य असेल तर आतून कार्बनचा थर द्या, म्हणजे क्रिस्टल काचेला चिकटत नाही, अ‍ॅसिटोन आतून फिरवून जास्तीचं ओतून टाकायचं आणि राहिलेल्या ओलाव्यावर बाहेरून ज्योत फिरवायची, काळा चकचकीत थर बसतो. हे फ्यूम हूडमध्येच आणि अ‍ॅसिटोनची बाटली लांब ठेवूनच, एकाची भुवई गेलीये आमच्याकडं.

ग्लोव्ह बॉक्स (आत कोरडी हवा असलेली, हातमोजे लावलेली बंद पेटी) नसेल तर कॅलेंडर वापरा. मी गंमत करत नाहीये, मार्च-एप्रिलच्या दुपारी आमच्या खोलीतला आर्द्रतेचा काटा २० च्या खाली असतो, तेवढ्या कोरड्या हवेसाठी मुंबईवाले मशीन लावतात. तोलणं, भरणं, सील करणं सगळं होळी ते अक्षय्य तृतीया उरकायचं आणि जूननंतर नुसती मोजमापं करत बसायचं. जमिनीत ओल नाही म्हणून अख्खा जिल्हा आभाळाकडं बघत असतो आणि आम्ही दोघं-तिघं खोलीत बसून ओल काढायलोय, असला प्रकार.

थेट क्रिस्टल वाढवायला जाऊ नका, आधी पावडर. दोन्ही आयोडाइड अगेटच्या खलात अर्धा-पाऊण तास घोटा, मिक्सर नको. मग खोलीत अंधार करून २५४ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा धरा, डोळ्याला गॉगल लावून. नोटा तपासायचा स्वस्तातला दिवा ३६५ चा असतो, त्याच्याखाली हे चमकतच नाही म्हणलं तरी चालेल, एकानं त्या दिव्यावर बघून चांगली बॅच फेकून दिली होती. आमच्याकडं डार्क रूम नव्हती तेव्हा टेबलावर घरची गोधडी टाकून आत डोकं घालायचो. खलात आधी काहीच दिसत नाही, वीसेक मिनिटांनी कडेला निळी छटा येते, मग सगळा खल निळा होतो. त्यात पिवळे ठिपके दिसले की समजायचं तिथं कॉपर जास्त झालंय, १:२:३ वालं दुसरंच संयुग बनलंय. ओलाव्यानं पण हेच होतं, निळ्याचं पिवळं. म्हणजे हा साधा दिवा एक्सआरडीच्या (एक्स-रेनं कोणतं संयुग बनलंय ते ओळखायची तपासणी) आधीचा एक्सआरडी आहे. खरा एक्सआरडी पण करायचाच, विद्यापीठात नंबर लावून, पण दिव्याखाली पिवळं दिसत असताना नंबर लावून वेळ घालवू नका.

आता एक गोष्ट, आणि रिसर्च करणारे पण इथं फसतात. यूव्हीखाली चमकलं म्हणजे सिंटिलेटर झालं असं नसतं. यूव्ही थेट उजेड देणाऱ्या केंद्रालाच जागं करतो. गॅमा आला की तो आधी क्रिस्टलभर इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेलेल्या रिकाम्या जागा) उधळतो, मग त्यांनी चालत त्या केंद्रापर्यंत पोचायचं असतं, वाटेत जेवढे खड्डे तेवढा उजेड कमी. यूव्हीत ९० टक्के उजेड परत देणारे पदार्थ गॅमाखाली मुकाट बसलेले मी बघितलेत. म्हणून पावडर एक्स-रेखाली चमकते का बघितल्याशिवाय क्रिस्टलच्या खर्चात पडू नका.

पावडर पास झाली की ब्रिजमन, म्हणजे वितळलेला माल गरम भागातून थंड भागात हळूहळू सरकवून क्रिस्टल वाढवायची पद्धत. टोकदार बुडाची अँप्यूल, वरचा झोन ४३० च्या आसपास, खालचा ३५०, आणि मध्ये अँप्यूल तासाला अर्धा मिलिमीटर खाली सरकवायची. ५ सेंटीमीटरला १०० तास, मग तासाला १० डिग्रीनं थंड करायला आणखी दीड दिवस. एकूण जवळपास सहा दिवस, आणि आपल्याकडं सहा दिवस लाईट न जाता राहिली तर मी पेढे वाटीन. लाईट गेली की वितळलेल्या आणि गोठलेल्या मधली रेघ वर उडी मारते, घाईनं गोठलेल्या भागात बुडबुडे आणि कचरा अडकतो. माझा एक क्रिस्टल अजून टेबलावर ठेवलेला आहे, उजेडात धरला की त्यात तीन पांढऱ्या रेघा दिसतात, खालची मंगळवार रात्रीची, मधली बुधवार दुपारची, वरची गुरुवारची, झाडाच्या खोडासारखं भारनियमन वाचता येतं त्याच्यात.

उपाय महागडा नाही. फर्नेस तापवताना दीड किलोवॅट ओढते, पण ४०० डिग्रीला धरून ठेवायला चांगलं इन्सुलेशन असेल तर २५०-३०० वॅट पुरतात. घरचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी तीन-चार तास ओढते. फक्त सरकवायची मोटर पण त्याच इन्व्हर्टरवर पाहिजे, आणि कंट्रोलरला सेटिंग असं करा की लाईट आली की जिथं थांबलं तिथून चालू होईल, पहिल्यापासून रॅम्प मारणार नाही. आमच्या पहिल्या कंट्रोलरनं तेच केलं होतं, चौथ्या दिवशी.

क्रिस्टल निघाला की पाण्यानं घासायचा नाही, मिथेनॉलनं तर अजिबात नाही, त्यानंच निळ्याचं पिवळं होतं. मिनरल ऑइल आणि पॉलिश पेपर, ८०० पासून २००० पर्यंत. एक तोंड उघडं ठेवून बाकी सगळीकडून नळ जोडायची टेफ्लॉन टेप चार-पाच वेढे, उघड्या तोंडाला सिलिकॉन ग्रीस, आणि ट्यूबवर बसवून काळ्या कपड्यात.

सोर्सचं काय? यंत्र तपासायचा सिझियम-१३७ चा छोटा चेक सोर्स ब्रिटकडून (अणुऊर्जा विभागाची आयसोटोप पुरवणारी संस्था) नियमानं घ्यावा, एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळ) अटी वाचून, कुणाच्या कपाटातला जुना आणून नाही. तोवर कृषी केंद्रातून पोटॅश आणा, लाल एमओपी, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असतोच, १ किलो खतात सेकंदाला १५ हजारांच्या आसपास क्षय होतात आणि त्यातून १४६० केईव्हीचे (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट) दीड हजारभर गॅमा निघतात. क्रिस्टल लहान असेल तर आलेखात १४६० चा शेंडा (पीक) नीट दिसणार नाही, पण १२४० च्या आसपास कॉम्प्टनचा कडा (गॅमा थोडी एनर्जी टाकून निसटतो त्याची हद्द) पडतो तो दिसतो, त्यासाठी रात्रभर मोजणी लावा आणि खत बाजूला काढून दुसरी रात्र बॅकग्राउंडची.

उजेड किती हे सांगताना तुलना करायची, तेवढ्याच मापाचा थॅलियमवाला सिझियम आयोडाइड घेऊन. पण त्याचा उजेड ५४० नॅनोमीटरचा हिरवट, ट्यूबला तो कमी दिसतो, ती दुरुस्ती केली नाही तर आपला माल उगाच भारी वाटतो. उलटी चूक शेपिंग टाइमची (उजेड किती वेळ गोळा करायचा ते सेटिंग), उजेड १ मायक्रोसेकंद चालतो आणि तुम्ही अर्ध्या मायक्रोसेकंदात दार बंद केलं तर फक्त ३९ टक्केच उजेड मोजला जातो, मग पोरं रडत येतात की सर मटेरियल खराब आहे. आणि रिझोल्यूशन नुसतं उजेडावर ठरत नाही. सोडियम आयोडाइडचंच बघा, ६६२ केईव्हीला २५ हजार फोटॉन, ट्यूब त्यातले पाव पकडते, म्हणजे सहा हजारांच्या वर, २.३५ भागिले त्याचं वर्गमूळ केलं तर ३ टक्के यायला पाहिजे, येतात ६-७. वरचं बरंचसं कमी एनर्जी आणि जास्त एनर्जीला उजेड सारख्या प्रमाणात न पडल्यामुळं. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या एनर्जीवर उजेड मोजा, सरळ रेघ येते का बघा. नवीन मटेरियलची खरी किंमत तिथं कळते.

हे सगळं जमलं की मग एका वेळी एकच बदल. आयोडिनच्या जागी थोडं ब्रोमिन, कॉपरच्या जागी थोडी चांदी, किंवा अर्धा टक्का इंडियम, आणि प्रत्येक बॅचसोबत बिनबदलाची एक बॅच त्याच आठवड्यात त्याच बाटलीतून. ही जोडीची बॅच नसेल तर मी आकडे वाचत पण नाही.

शेवटी जालन्याची परीक्षा. क्रिस्टल हीटिंग प्लेटवर ५५ डिग्रीपर्यंत नेऊन पाच-पाच डिग्रीवर शेंडा कुठं सरकतो ते लिहा. बीजीओचा (बिस्मथ जर्मेनेट, दुसरा एक जुना सिंटिलेटर) उजेड दर डिग्रीला जवळपास १ टक्क्यानं पडतो, २० ला बसवलेलं यंत्र ४५ ला नेलं की पाव उजेड गायब, यंत्राला कोबाल्ट भलतंच काहीतरी वाटायला लागतं. एसीत काढलेला आकडा यार्डात काय कामाचा. आणि एक तुकडा टेप-बिप काही न लावता बशीत घालून खिडकीत ठेवा, आषाढ लागला की ठेवायचा, पोळ्याला उचलायचा, वजन करायचं, परत तेच पोटॅश लावून मोजायचं आणि गोधडीत डोकं घालून बघायचं की पिवळं कुठं कुठं झालंय.